सेल्फ उचलत नाही? मोटर उतरवण्याआधी या चुका टाळा

जुन्या महिंद्रा डिझेल जीपचा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) ‘टक्’ करून थांबला की पाना घेऊन थेट सेल्फ उतरवायला बसू नका. कार्बन (मोटरीला करंट पोचवणारे ब्रश), बुश, बेंडिक्स (इंजिनच्या दात्यांत अडकणारा गिअर) सगळं नवं टाकूनही ‘टक्’ तसाच राहतो, कारण दोष पुष्कळदा मोटरीत नसतो. बॅटरीपासून मोटरीपर्यंतच्या वाटेत असतो. ती वाट गाडीवरच तपासता येते. गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांना दगड लावा आणि इंजिन बंद करायची नॉब ओढून धरा, म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन पेटणार नाही.

उभ्या गाडीत बॅटरीला लावलेल्या मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी ठणठणीत ठरत नाही. दुसऱ्याला चावी मारायला सांगा आणि त्या क्षणी आकडा बघा. ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी थकली आहे किंवा मोटर जाम होऊन जास्त करंट ओढते आहे. आकडा १२ च्या आसपासच राहिला, दिवेही मंद झाले नाहीत आणि मोटर गप्प, तर करंट तिथवर पोचतच नाही किंवा कार्बन टेकत नाहीत.

सगळ्यात फसवणारी चूक म्हणजे केबल मीटरच्या ‘बीप’वर (वाट जोडलेली आहे एवढंच सांगणारा आवाज) पास करणं. डिझेलचा सेल्फ सहज ३०० अँपिअर ओढतो. वाटेत ०.०१ ओहम जरी अडथळा असला तरी ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि एवढा अडथळा साध्या मीटरला दिसतही नाही. म्हणून व्होल्ट मोजायचे, तेही सेल्फ मारत असताना. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच) आणि दुसरी सॉलिनॉइडच्या (सेल्फवरचा, ‘टक्’ करून मोटरीला करंट जोडणारा विजेरी स्विच) बॅटरीची केबल येते त्या जाड बोल्टवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर केबल किंवा लग (केबलच्या टोकाची कडी) खराब. मग सॉलिनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा: ‘टक्’ होऊनही जवळजवळ पूर्ण बॅटरीचे व्होल्ट दिसले, तर आतले संपर्क जळालेत.

अर्थिंग, म्हणजे मायनसकडे परतणारी वाट, तर कोणी बघतच नाही. मायनस खांब ते सेल्फची बॉडी, इथे ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे चासी (गाडीचा सांगाडा) ते इंजिन ही अर्थची पट्टी तुटली की करंट अ‍ॅक्सिलरेटर केबलसारख्या आडवाटा शोधतो. सेल्फ मारताना ती केबल गरम लागली तर दोष सापडलाच म्हणा. कोकणातल्या खाऱ्या हवेत पट्टीखालचा गंज वरून दिसत नाही. बोल्ट काढून लोखंड चकाकेपर्यंत घासा.

आणखी एक: बॅटरी ठीक असूनही सॉलिनॉइडच्या ५० नंबरच्या, चावीकडून येणाऱ्या बारीक वायरीवर चावी मारताना १० पेक्षा कमी व्होल्ट येत असतील, तर दोष बहुधा जुन्या चावी स्विचचा किंवा त्याच्या वायरीचा. ४० अँपिअरचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) टाका, त्याच्या पायांवर नंबर असतात: स्विचची वायर ८६ ला, ८५ अर्थला, बॅटरीचा प्लस फ्यूजमधून ३० ला, आणि ८७ पासून सॉलिनॉइडच्या ५० ला.

दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. सेल्फ उतरवावाच लागला तर आधी बॅटरीचा मायनस काढा. बॅटरीच्या केबलच्या जाड बोल्टवर करंट कायम असतो, चावी बंद असली तरी. रिपेअर होऊन रंग मारून आलेल्या सेल्फचा फ्लॅंज (इंजिनला टेकणारी कड) बसवण्याआधी खरवडा. त्याचा अर्थ तिथूनच मिळतो.