लिनक्ससाठी जुना लॅपटॉप घेताना

संभाजीनगर, लातूर, नांदेडात ऑफिसातून निघालेला लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० किंवा डेल लॅटिट्यूड मिळाला, तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा तोच बरा. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी हवीच. दुकानात जाताना लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीचा एक प्रकार) बूटेबल पेनड्राइव्ह न्या. इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन सुरू करून मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा. इंटेलचं वायफाय सहसा लगेच चालतं. ब्रॉडकॉम कंपनीचं बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) मागतं, आणि तो उतरवायला नेटच नसतं! झाकण मिटून उघडल्यावर पडदा काळाच राहिला, तर सोडून द्या. मिंटमधल्या पॉवर स्टॅटिस्टिक्स ॲपमध्ये बॅटरीची आत्ताची क्षमता मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली दिसली, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. टी४८०ला बॅटऱ्या दोन असतात, दोन्ही बघा. बायोस (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्ज) पासवर्ड मागत असेल, तर फुकटातही नको.