वारसांच्या भांडणाची मोहीम कशी रचावी: बडोद्याच्या गादीकडे बघून

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन आणि फासे टाकून गोष्ट रचायचे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे खेळ नेमाने खेळणाऱ्यांना गुहा, राक्षस आणि खजिना यांचा कधी ना कधी कंटाळा येतो. मग कुणीतरी म्हणतं, या वेळी राजकारण घेऊ, एका घराण्यातले वारस गादीसाठी भांडताहेत असं करू. कल्पना चांगली, पण बहुतेक गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारे, एक पाताळयंत्री काका आणि एक गुणी पुतण्या मांडून मोकळे होतात. तिसऱ्या सेशनला, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या बैठकीला, काका मरतो आणि सगळे घरी जातात. मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी एकच गोष्ट, महिनोन् महिने चालायला हवी असेल तर एक पथ्य सांभाळा: प्रत्येक वारसाचा हक्क खरा हवा आणि प्रत्येकाच्या हक्कात एक खोट हवी. बडोद्यात राहणाऱ्यांना याचा नमुना शोधायला गावाबाहेर जावं लागत नाही.

आधी वंशावळ काढा. एका पानावर मावेल एवढीच. बडोद्याचे राजे दमाजीराव गायकवाड १७६८ साली वारले तेव्हाची स्थिती बघा. सयाजीराव वयाने थोरले, पण धाकट्या राणीचे, आणि कारभार त्यांना झेपणारा नव्हता. गोविंदराव वयाने धाकटे, पण थोरल्या राणीचे. फत्तेसिंहराव या दोघांच्याही मागचे, पण कर्तबगारीत पुढचे. आता सांगा, गादी कुणाची? तुमच्या टेबलावर हा प्रश्न टाकलात आणि खेळणाऱ्यांत खरोखर वाद झाला, तर वंशावळ जमली. सगळ्यांनी एकच नाव घेतलं तर पान फाडा आणि पुन्हा बसा.

नावं मात्र बदला. घराण्याचे वंशज आजही शहरात आहेत, आणि त्यांच्या पणजोबाला तुम्ही चेटूक करताना दाखवायची गरज नाही.

दुसरं काम, मान्यता देणारा ठरवणं. हे बरेच जण विसरतात. भावांनी आपसांत लढून प्रश्न सुटत असेल तर ती नुसती मारामारी झाली. दमाजीरावांच्या मुलांना पुण्याकडे बघावं लागलं. माधवराव पेशव्यांनी आधी गोविंदरावांना मान्यता दिली, पुढे १७७१ मध्ये ती सयाजीरावांकडे गेली आणि फत्तेसिंहराव त्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार बघणारे, झाले. म्हणजे गादी एकाची, शिक्का चालवणारा दुसरा, आणि तिसरा बाहेर दबा धरून. तुमच्या जगात पेशव्यांच्या जागी नदीपलीकडचा म्हातारा ड्रॅगन बसवा. घराण्याची मूळ सनद त्याच्याकडे आहे, त्याच्या नखाची खूण उमटल्याशिवाय कुणाचं राज्य खरं नाही. तो न्याय बघत नाही, नजराणा बघतो. दर सेशनच्या शेवटी प्रत्येक वारसाने चिठ्ठीवर आपला आकडा लिहून द्यायचा. सोनं संपलं की लोक गावं, किल्ले, शेवटी एकमेकांची गुपितं देऊ करतात. खरी मजा तिथून सुरू होते.

खेळणारे स्वतः वारस असावेत की वारसांची माणसं? माझं मत स्पष्ट आहे: स्वतः वारसच असावेत. पण मग टोळी फुटते, जो तो आपापल्या खोलीत कारस्थानं करत बसतो आणि बाकीचे मोबाइल बघतात. त्यावर उपाय म्हणजे जामदारखान्याला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या. तिजोरीतला पूर्वजांचा तोडा हातात चढवल्याशिवाय सीमेवरची भुतावळ आवरत नाही, आणि किल्ल्या तीन वारसांकडे एकेक. भांडा कितीही, पण दर अमावस्येला तिघांनी एकत्र जाऊन कुलपं उघडलीच पाहिजेत.

आता मानकरी. सहा पुरेत. प्रत्येकासाठी एक कार्ड करा आणि त्यावर तीनच ओळी लिहा: याच्याकडे काय आहे, याला काय हवंय, हा कुणाला बांधलेला आहे. शेवटची ओळ नेहमी दुहेरी ठेवा. उदाहरणार्थ, खजिनदारीणबाई. हिच्या हातात लष्कराचा पगार. हिला हवाय नातवासाठी एक परगणा. मुलगी दिलीय थोरल्या वारसाच्या मामेभावाला, पण वाड्यावरचं कर्ज आहे धाकट्याकडचं. एवढं लिहिलंत की तिचं बोलणं आपोआप सुचतं. थोरला समोर आला की ती व्याहीपणा काढणार, धाकटा आला की चहा पाठवणार आणि स्वतः देवघरातून बाहेर येणार नाही. अशा बाईवर फासा टाकून ‘पटलं’ असं करू नका. वीस बाजूंच्या फाशावर पंधराचं लक्ष्य गाठलं, तर ती ऐकून घेते आणि किंमत सांगते. एवढाच फाशाचा अधिकार.

मोहिमेला घड्याळ हवं, नाहीतर कारस्थानं रेंगाळतात. इथे १८७० सालाइतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. त्या वर्षी नोव्हेंबरात बडोद्याचे खंडेराव महाराज गेले. भाऊ मल्हारराव पाद्रा गावी कैदेत होते, त्यांना आणून कारभार दिला गेला. पण खंडेरावांच्या जमनाबाई राणीसाहेब गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांना उतरावं लागलं असतं. १८७१ च्या जुलैत मुलगी झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली. तेवढे सात-आठ महिने दरबारातल्या एकेका माणसाच्या जिवाला काय घोर असेल! हे जसंच्या तसं उचला. एक सेशन म्हणजे एक महिना. बाळंतपणाचा फासा सगळ्यांसमोर टाका, पडद्यामागे नको, नाहीतर आयुष्यभर बोल लावतील. आणि तुमच्या जगात मुलीला गादी मिळते की नाही, हा कायदा पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

मधल्या टप्प्यावर एक खटला घाला. १८७४ मध्ये बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांना सरबताची चव वेगळी लागली, त्यांनी ते ओतून दिलं आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. विषप्रयोगाचा आळ मल्हाररावांवर आला. चौकशीला सहा जण बसले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी, आणि मत बरोबर तीन-तीन असं फाटलं. तरीही १८७५ मध्ये मल्हारराव गेलेच, कारण इंग्रज सरकारने गैरकारभाराचा ठपका पुढे केला. गेम मास्टरने यातून घ्यायचं ते एवढंच की पुरावा मांडायला खेळणाऱ्यांना भरपूर वाव द्या, पण निकाल पुराव्यावर टांगू नका. सहा मानकऱ्यांना पंच करा. त्यांची कार्डं तुमच्याकडे आहेतच. मतं फाटली की ड्रॅगन काय म्हणतो ते बघा.

नकाशासाठी एक सकाळ जुन्या शहरात फिरा. मधोमध मांडवीची जुनी इमारत आणि चार दिशांना चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, गेंडीगेट, चांपानेर. असा नकाशा कागदावर पाच मिनिटांत उतरतो आणि खेळणाऱ्यांच्या डोक्यात लगेच बसतो. दिवाणाचा वाडा हवा असेल तर भिंतीभर चित्रं असलेला तांबेकरवाडा बघून या. राजवाड्यासाठी लक्ष्मीविलास सगळ्यांनाच सुचतो, पण तो १८९० चा, मोकळ्या बागेतला. कारस्थानाला अंधारा जिना आणि खालच्या मजल्यावरची कुजबुज लागते. (खेळताना सेव-उसळ मागवणार असाल तर ती आधी संपवा. रस्सा लागलेला फासा घरंगळत नाही.)

शेवटाकडे एक नवा वारस आणा, दत्तक. जमनाबाईंनी १८७५ च्या मे महिन्यात नाशिककडच्या कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं, तेच तिसरे सयाजीराव. पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले १८८१ च्या डिसेंबरात, तोवर दिवाण टी. माधवराव कारभार बघत होते. तुमच्या मोहिमेतही असा पोरगा अचानक दारात उभा करा, ड्रॅगनने निवडलेला. तो गेम मास्टरच्याच हातात ठेवा. आता गादी कुणाची हा प्रश्न मिटला, पण पालक कोण, शिक्का कुणाकडे, पोराच्या ताटातलं आधी चाखणार कोण, यावर सगळे नव्याने एकमेकांवर येतात. लहान मुलावरच्या विषप्रयोगासारख्या गोष्टी टेबलावर चालतील का, हे मात्र मोहीम सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्या. कुणी नको म्हटलं तर नको.

राज्याभिषेकाच्या सेशनमध्ये अर्धा तास राखून ठेवा. हरलेल्या प्रत्येक वारसाला नेमणूक किती, राहायला कुठलं गाव, बरोबर किती स्वार, हे खेळणाऱ्यांकडून तिथल्या तिथे ठरवून घ्या आणि कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाच्या, मागे लिहून सही घ्या. किल्ल्या परत मागायला विसरू नका. एखादा देणार नाही, त्याचं नाव नोंदवून ठेवा, पुढची मोहीम त्याच्या गावापासून सुरू करता येईल.