जिंजरब्रेडचं थालीपीठ झालं तेव्हा

२०२२ चा नाताळ आम्ही अमेरिकेतल्या बफेलोत काढला. शुक्रवारी, २३ डिसेंबरला हिमवादळामुळे सकाळीच गाड्या बाहेर काढायला बंदी आली आणि पुढच्या चार-पाच दिवसांत चार फुटांवर बर्फ साचला. आमची वीज गेली नाही, हे नशीबच.

लेकीला जिंजरब्रेडची माणसं (माणसाच्या आकाराची सुंठ-मसाल्याची बिस्किटं) कबूल केली होती. त्यात लागणारं मोलॅसिस (काकवीसारखा काळा पाक) संपलेलं, दुकान बंद. मग डब्यातला काळसर गूळ काढला, बटरबरोबर वितळवला, सुंठ, दालचिनी, लवंग घातली आणि गरमागरमच मैद्यात मळून ट्रे ओव्हनमध्ये ढकलला. दहा मिनिटांत सगळी माणसं एकमेकांत विरघळून एक मोठं थालीपीठ! वर पिठात घातलेला खायचा सोडा चवीला साबणासारखा.

चुका दोन होत्या. बटर गरम असल्यामुळे पीठ आकार धरायच्या आतच पसरलं. आणि सोड्याला आंबटपणा लागतो. मोलॅसिसमध्ये तो असतो, गुळाच्या भरवशावर राहता येत नाही.

उरलेल्या पिठात चमचाभर आंबट दही आणि दोन मोठे चमचे मैदा मिसळला. फुकटचा फ्रीझर म्हणून गोळा खिडकीबाहेर बर्फात खोचला, तर त्याचा दगड झाला. (हसू नका, लाटणं उसळलं अक्षरशः.) तो मऊ करून सरळ फ्रिजमध्ये पाऊण तास ठेवला. पाव इंच जाड लाटलं, कापलेली माणसं ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं गार केली, मग १७५ अंश सेल्सिअसवर नऊ मिनिटं.

हातपाय शाबूत निघाले. थालीपीठही चहात बुडवून संपलं.