कॅलिफोर्नियात हायवे पेट्रोलचा रेडिओ ऐकायचाय? स्कॅनर असा प्रोग्राम करा

बे एरिया, सॅक्रामेंटो, एलए, जिथे कुठे आपली माणसं रोज फ्रीवेवर तास-दीड तास घालवतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. फोनवरचा नकाशा रस्ता लाल दाखवतो पण का लाल ते सांगत नाही. ट्रक उलटलाय का, लेनमध्ये शिडी पडलीय का, आणि मुख्य म्हणजे हे दहा मिनिटांत मोकळं होणार की दोन तास अडकणार, याबद्दल सगळ्यात आधी बोललं जातं ते कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या म्हणजे सीएचपीच्या रेडिओवर. आणि तो रेडिओ घरबसल्या ऐकता येतो, कायद्याने ऐकता येतो, त्याला लागतो तो स्कॅनर, म्हणजे एकेक चॅनेल भराभर तपासत जिथे बोलणं चालू असेल तिथे थांबणारा रिसीव्हर, आणि तो फार महागडा लागत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय खात्याने पोलिसांना सांगितलं की लोकांची खासगी माहिती उघड्या रेडिओवर जाऊ देऊ नका, त्यानंतर बऱ्याच शहरांनी सगळा रेडिओच एन्क्रिप्ट, म्हणजे बाहेरच्यांना ऐकू येणार नाही असा बंद, करून टाकला. सीएचपीने तसं केलं नाही, त्यांनी चॅनेल उघडं ठेवून खासगी माहिती बोलताना काळजी घ्यायचा मार्ग धरला. पालो आल्टोने जानेवारी २०२१ मध्ये एन्क्रिप्शन लावलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परत काढलं, तेव्हा सीएचपीची हीच पद्धत त्यांच्यासमोर होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण रस्ता सगळ्यांचा आहे आणि त्यावर काय चाललंय हे लोकांना ऐकू येणं चांगलंच आहे.

पायरी १: स्कॅनर घेताना एकच गोष्ट आधी बघा

सीएचपी बोलते ती व्हीएचएफ लो बँडवर, साधारण ३९ ते ४६ मेगाहर्ट्झच्या मध्ये, साध्या ॲनालॉग एफएममध्ये. हा जुना बँड आहे, बाकी बहुतेक पोलीस खाती केव्हाच तिथून वर सरकली, पण लांब वेव्ह डोंगरदऱ्यांना वळसा घालून जाते आणि कमी टॉवरमध्ये मोठा भाग कव्हर होतो म्हणून सीएचपीने तो सोडला नाही. त्यामुळे बॉक्सवर २५ ते ५४ मेगाहर्ट्झ असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो सेट कितीही भारी असो, या कामाचा नाही. बाओफेंग यूव्ही-५आरसारखे स्वस्तातले वॉकीटॉकी बरेच जण घेऊन बसतात, ते १३६ च्या खाली ही बोलणी पकडतच नाहीत.

सुरुवातीला युनिडेनचा बेअरकॅट बीसी१२५एटी पुरतो. ॲनालॉग आहे, हातात मावतो, ५०० चॅनेल आहेत, ५०-५० च्या १० बँकांमध्ये, म्हणजे गटांमध्ये. दोन डबल-ए सेलवर चालतो. सेलच्या खणात एक छोटा स्विच असतो, साधे अल्कलाइन सेल की रिचार्जेबल ते सांगणारा, तो आधी बरोबर करा, कारण अल्कलाइन सेल टाकून स्विच रिचार्जेबलवर ठेवला आणि यूएसबी लावली तर सेल फुटू-गळू शकतात.

एसडीएस१०० किंवा बीसीडी४३६एचपीसारखे डिजिटल स्कॅनर कितीतरी महाग पडतात. झिप कोड टाकला की आसपासच्या सिस्टीम आपोआप लोड होतात ही सोय खरी, आणि ईस्ट बेमधल्या फायरवाल्यांची डिजिटल सिस्टीम ऐकायची असेल तर डिजिटल स्कॅनरच लागतो. पण फक्त सीएचपीसाठी एवढे पैसे घालू नका. लॅपटॉपशी दोस्ती असेल तर आरटीएल-एसडीआरचा, म्हणजे कॉम्प्युटरला लावून रेडिओ ऐकायचा, छोटा यूएसबी डोंगलही हा बँड पकडतो.

(हे सगळं कॅलिफोर्नियाचं चाललंय. ओहायोत राहत असाल तर तिथलं हायवे पेट्रोल मार्क्स नावाच्या राज्यभराच्या पी२५ डिजिटल सिस्टीमवर आहे, तिथे बीसी१२५एटी घेऊन काहीच ऐकू येणार नाही.)

पायरी २: आपल्या भागाच्या फ्रिक्वेन्सी शोधा

रेडिओरेफरन्स या वेबसाइटवरच्या फ्रिक्वेन्सींच्या डेटाबेसमध्ये कॅलिफोर्निया निवडा, मग राज्य पातळीवरच्या एजन्सींमध्ये हायवे पेट्रोल. तिथे डिव्हिजनप्रमाणे यादी मिळते. बे एरियावाल्यांनी गोल्डन गेट डिव्हिजन बघायची, तिचं डिस्पॅच सेंटर, म्हणजे जिथून गाड्यांना रेडिओवर कामं सांगतात ते, व्हॅलेहोला आहे. चॅनेलना ब्लू, गोल्ड, ग्रीन अशी रंगांची नावं आहेत, आणि आपला फ्रीवे ज्या एरिया ऑफिसकडे येतो त्याचा रंग कोणता हे यादीतच कळतं. १०१ वर सॅन होजेला लागणारं ऑफिस वेगळं, ५८० वरून आल्टामाँट चढताना वेगळं, १७ वरून सांताक्रूझला उतरलात की डिव्हिजनच बदलते, तेव्हा घराजवळचा नाही तर रोजच्या रस्त्यावरचा प्रत्येक रंग लिहून घ्या.

आता नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. प्रत्येक चॅनेलला दोन फ्रिक्वेन्सी असतात, एक बेसची म्हणजे डिस्पॅचर ज्यावर बोलते ती, आणि एक मोबाइलची म्हणजे गाडीतला ऑफिसर ज्यावर बोलतो ती. फक्त बेस टाकली तर दिवसभर एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं आणि माणसाला वाटतं स्कॅनर बिघडलाय. दोन्ही टाकायच्या, शेजारी-शेजारी. बेसचं स्टेशन डोंगरावर असतं त्यामुळे ते खणखणीत येतं, गाडी जवळपास असेल तरच तिचा आवाज येणार, हे गृहीत धरून चला.

शिवाय या दोन टाकून ठेवा: १५४.९०५, यावर सीएचपीच्या गाडीतला एक्सटेंडर चालत आलाय, म्हणजे ऑफिसर गाडीबाहेर उभा राहून हातातल्या सेटवर बोलतो ते गाडीमार्फत पुढे जातं. हळूहळू ते ७०० मेगाहर्ट्झच्या डिजिटलवर चाललंय पण चॅनेल ठेवायला काही जात नाही, आणि त्यावर काही ऐकू आलं तर सीएचपीची गाडी तुमच्या अगदी जवळ आहे. दुसरी ३९.४६, वेगवेगळ्या पोलीस खात्यांनी एकमेकांशी बोलायची. एरवी गप्प असते.

पायरी ३: प्रोग्रामिंग

बटणांनी करायचं तर स्कॅन थांबवा, हव्या त्या चॅनेलवर या, फ्रिक्वेन्सी पॉइंटसकट टाका आणि ई दाबा. चार-पाच चॅनेलना ठीक आहे, जास्त असतील तर बोटं दुखतात. त्यापेक्षा युनिडेनचं फुकट सॉफ्टवेअर उतरवा, मिनी-यूएसबी केबल लावा, स्कॅनरमधलं आहे ते आधी वाचून एक कॉपी सेव्ह करा आणि मग टेबलमध्ये भरत जा. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटाची हवी.

प्रत्येक ओळीत काय भरायचं:

- नाव: १६ अक्षरं मिळतात, त्यात रंग, एरिया आणि बेस की मोबाइल एवढं लिहा, नुसतं सीएचपी १, सीएचपी २ लिहिलं तर गाडीत काही कळत नाही.
- फ्रिक्वेन्सी: लो बँडमध्ये चॅनेल २० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, एक आकडा चुकला की थेट शेजारच्या चॅनेलवर जाता.
- मॉड्युलेशन: लो बँडला एफएम, १५४.९०५ ला एनएफएम म्हणजे अरुंद एफएम. २०१३ पासून अमेरिकेत १५० ते ५१२ मेगाहर्ट्झचे चॅनेल अरुंद केले, लो बँड त्यातून वगळला होता. लो बँडला एनएफएम ठेवलं तर आवाज फाटल्यासारखा येतो.
- टोन: पहिले दोन दिवस काहीच लावू नका. फ्रिक्वेन्सी बरोबर आहे, बोलणं येतंय अशी खात्री झाली की डेटाबेसमधला सीटीसीएसएस टोन, म्हणजे बोलण्याबरोबर जाणारा ओळखीचा बारीक सूर, टाका, म्हणजे दूरचं दुसरं काही त्याच चॅनेलवर घुसणार नाही.
- डिले: २ सेकंद ठेवा, नाहीतर प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर यायच्या आत स्कॅनर पुढे पळतो.
- लॉकआउट: ऑफ आहे ना ते बघा, चालू राहिलं तर ते चॅनेल स्कॅनमध्ये येतच नाही.

बँका रस्त्याप्रमाणे पाडा. पहिल्या बँकेत घर ते ऑफिस, दुसरीत सांताक्रूझ, तिसरीत ८० वरून टाहोला जायचा रस्ता. निघताना त्या दिवशीची बँक चालू, बाकी बंद. ५०० चॅनेल एकदम फिरवत ठेवले की नेमकं हवं ते निसटतं.

पायरी ४: अँटेना, खरं काम इथे आहे

स्कॅनरबरोबर येणारी रबरी अँटेना लो बँडसाठी फार आखूड आहे. हिशोब सोपा आहे, ३०० भागिले ४२ म्हणजे सुमारे ७.१ मीटरची वेव्ह, तिचा पाव भाग १.७८ मीटर, माणसाच्या उंचीएवढा. आणि आपल्या हातात असते जेमतेम वीतभर रबर. प्रोग्रामिंग शंभर टक्के बरोबर असूनही स्कॅनर शांत बसतो तो बहुतेक वेळा यामुळे, आणि लोक मशीनला दोष देऊन परत करतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बीएनसी कनेक्टरची (स्कॅनरला असतो तोच, फिरवून अडकवायचा), ओढून लांब होणारी टेलिस्कोपिक अँटेना, मीटरभर लांब झाली तरी फरक लगेच कळतो. घरी कायमचं करायचं असेल तर डायपोल बांधा: १.७० मीटरच्या दोन वायर, मध्ये कोॲक्सिअल केबल, एक वायर केबलच्या आतल्या तारेला, दुसरी बाहेरच्या जाळीला, आणि हे सगळं उभं टांगायचं, आडवं नाही, कारण सीएचपीचं ट्रान्समिशन उभ्या अँटेनावरून येतं. घरात पडलेली टीव्हीची आरजी-६ केबल आणि एक ॲडॉप्टर चालतो, आपल्याला फक्त ऐकायचंय. खिडकीशी किंवा ॲटिकमध्ये लावा, विजेच्या तारांपासून चांगलं लांब. गाडीसाठी सीबी रेडिओची मॅग्नेटवाली अँटेना घ्या, ती २७ मेगाहर्ट्झची असते तरी ऐकण्यापुरती मस्त चालते.

दुसरा शत्रू म्हणजे घरातला कचरा आवाज. एलईडी दिवे, फोनचे चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, गाडीतला यूएसबी चार्जर, सगळे या बँडवर खरखर सोडतात. सतत खरखर येत असेल तर एकेक प्लग काढून बघा, कुठला काढल्यावर थांबतं ते कळेल. स्क्वेल्च, म्हणजे बोलणं नसताना आवाज बंद ठेवणारी सेटिंग, खरखर जेमतेम बंद होईल इतकाच ठेवा, जास्त पिळला तर लांबच्या गाड्या जातात.

उन्हाळ्यात कधीकधी याच चॅनेलवर भलत्याच राज्यातलं बोलणं घुसतं. वातावरणाच्या वरच्या थरावरून लो बँड परत खाली येतो आणि हजार-दोन हजार किलोमीटर जातो, याला स्किप म्हणतात. तुमच्या स्कॅनरला काही झालेलं नाही, थोडा वेळ मजेत ऐका.

पायरी ५: ऐकलेलं समजून घ्या

पहिल्यांदा सगळे आकडेच वाटतात. यासाठी सीएचपीचं लाइव्ह ट्रॅफिक इन्सिडंटचं पान समोर उघडून ऐका, त्यावर घटना त्याच कोडसकट लिहिलेल्या असतात, आठवडाभरात कान तयार होतो. मला शिकायचा याहून चांगला रस्ता माहीत नाही.

११-७९ म्हणजे अपघात, ॲम्ब्युलन्स निघाली. ११-८० गंभीर जखमी, ११-८१ किरकोळ, ११-८२ फक्त गाड्यांचं नुकसान, ११-८३ अजून तपशील नाही. ११-२५ रस्त्यात अडथळा. ११-८५ टो ट्रक हवाय, हा ऐकलात की समजायचं लेन मोकळी व्हायला वेळ आहे. ११-४४ म्हणजे कोणीतरी दगावलंय, तो रस्ता बराच वेळ बंद राहणार. १०-९७ पोचलो, १०-९८ काम झालं. २०००२ हिट अँड रन पण कोणी जखमी नाही, २३१५२ दारू पिऊन गाडी चालवणं.

लेनचे नंबर डावीकडून मोजतात. नंबर एकची लेन म्हणजे सगळ्यात डावीकडची, फास्ट लेन. सेंटर डिव्हाइड म्हणजे मधला दुभाजक. ट्रॅफिक ब्रेक म्हटलं की सीएचपीची गाडी दिवे लावून सगळ्या लेनमध्ये नागमोडी फिरत मागची गर्दी हळू करते, म्हणजे पुढचा कचरा उचलता येतो. समोर अशी गाडी दिसली तर तिला ओव्हरटेक करायचं नाही. आणि सिगअलर्ट म्हणजे निदान एक लेन अनपेक्षितपणे ३० मिनिटं किंवा जास्त बंद, तेव्हा दुसरा रस्ता धरा. सेंट्रल व्हॅलीत हिवाळ्यात टुली धुकं पडतं तेव्हा ९९ आणि ५ वर सीएचपी पुढे राहून गाड्यांचा वेग बांधून देते, त्या सकाळी तर निघण्याआधी अर्धा तास ऐकाच.

नंबरप्लेट वाचताना ॲडम, बॉय, चार्ल्स, डेव्हिड अशी अक्षरं येतात. युनिटच्या नावात मेरी आलं की मोटरसायकलवाला.

कायद्याचं

कॅलिफोर्नियात स्कॅनर बाळगणं आणि उघडं चॅनेल ऐकणं कायदेशीर आहे. पण ऐकलेली माहिती गुन्हा करायला किंवा गुन्हेगाराला सावध करायला वापरली तर पीनल कोडचं कलम ६३६.५ लागतं. गाडी चालवताना बटणं दाबत बसू नका, दोन्ही कानांत हेडफोन घालून चालवणंही इथे बेकायदा आहे, स्पीकरवर हळू आवाजात ठेवा. एन्क्रिप्टेड चॅनेल फोडायच्या नादाला लागू नका. अपघाताच्या जागी बघायला जाऊ नका, तिथे काम करणाऱ्यांना जागा लागते, आणि ऐकलेली नावं-पत्ते ग्रुपवर टाकू नका, ते कोणाच्या तरी घरचं दुःख असतं.

राज्याबाहेर जाताना तिथला नियम बघा. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा इथे गाडीत पोलीस बँडचा रिसीव्हर ठेवण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे जर्सीवाल्यांनी पुलापलीकडे जाताना तो घरी ठेवावा. भारतात जाताना तर बॅगेत टाकूच नका, तिथे परवान्याशिवाय असं उपकरण बाळगणं आणि पोलिसांचा वायरलेस ऐकणं दोन्ही गुन्हा आहे.

आणि रस्त्यात काही पडलेलं दिसलं, अपघात दिसला, तर कोणीतरी कळवलं असेल असं धरून पुढे जाऊ नका. हँड्सफ्रीवरून ९११ लावा, फ्रीवेचा नंबर, दिशा, जवळची एक्झिट आणि लेनचा नंबर सांगा.