व्हर्जिनिया-केंटकीतला पूर्वज शोधण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांत आता सून किंवा जावई तिथलाच असतो, आणि नातवंडांच्या वंशवृक्षाची एक फांदी सातारा-नाशिककडे गेली, तरी दुसरी अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियाकडे जाऊ शकते. पहिल्या फांदीसाठी सातबारा, फेरफार आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आपल्या परिचयाच्या आहेत. दुसरीसाठी काय जमवावे, कोणत्या क्रमाने जमवावे आणि कशावर विसंबू नये, एवढ्यापुरतीच ही यादी आहे. उदाहरणासाठी व्हर्जिनिया आणि तिच्यातून निघालेले केंटकी घेतले आहे, कारण तिथली जमिनीची कागदपत्रे विपुल आहेत आणि जनगणनेतल्या उणिवाही तितक्याच मोठ्या आहेत.

सर्वप्रथम एका कागदावर ज्याच्याविषयी पक्का पुरावा हाती आहे असा सर्वांत जुना माणूस लिहावा: नाव, ठिकाण, साल आणि तो पुरावा कोणता. शोध नेहमी या माणसापासून मागे जाईल. कुणा प्रसिद्ध माणसाचे आडनाव आपल्याशी जुळते म्हणून तिथून खाली उतरू नये. जनगणनेची पाने ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे आज पाहता येणारी सर्वांत अलीकडची जनगणना १९५० ची आहे. तिथून मागे जाताना १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते नोंदलेले मिळते आणि १८५० पर्यंत प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्माचे राज्य मिळते. १८९० ची बहुतेक पाने १९२१ च्या आगीनंतर हाती उरलेली नाहीत, म्हणून १८८० आणि १९०० यांमधली वीस वर्षे अन्य कागदांनी भरून काढायची आहेत हे आधीच टिपून ठेवावे.

१८५० च्या अलीकडचा हा भाग त्या मानाने सोपा असतो. त्यापलीकडे फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे वयोगटांनुसार आकडे, एवढेच सापडते, आणि म्हणून प्रत्येक दशकाचे रकाने स्वतंत्र कागदावर उतरवून जवळ ठेवणे अत्यावश्यक आहे. १८०० आणि १८१० मध्ये स्वतंत्र गोऱ्यांचे गट दहाच्या आतले, १० ते १६, १६ ते २६, २६ ते ४५ आणि ४५ च्या पुढचे असे होते. १८२० मध्ये १६ ते १८ वयाच्या पुरुषांचा एक जादा रकाना आला, पण तो १६ ते २६ मध्येही मोजलेला असतो, म्हणून बेरीज करताना तोच मुलगा दोनदा धरला जातो. १८३० पासून गट बारीक झाले. समजा, आपला माणूस १८१० मध्ये २६ ते ४५ या गटात आहे आणि १८३० मध्ये पन्नाशीत आहे, तर त्याचा जन्म १७७० ते १७८० च्या दरम्यानचा ठरतो. त्यात १८२० मध्ये तो अजून २६ ते ४५ मध्येच दिसला, तर ही मर्यादा १७७५ पर्यंत पुढे सरकते. तीन पानांत मिळून एवढेच हाती लागते, पण पुढे दोन समान नावांची माणसे समोर आली की हीच पाच वर्षे निवाडा करतात. घरातला प्रत्येक आकडा मात्र पोटच्या मुलाचा समजू नये. त्यात भाचा, उमेदवार कामगार, विधवा बहीण असे कोणीही असू शकते.

पहिल्या, म्हणजे १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनिया आणि केंटकीची पाने टिकलेली नाहीत. व्हर्जिनियाच्या नावाने जी यादी छापलेली मिळते ती १७८२ ते १७८५ च्या करयाद्यांवरून तयार केलेली आहे, त्यामुळे तिचा उल्लेख करताना जनगणना हा शब्द वापरू नये. केंटकीची तर १८०० चीही पाने नाहीत. तिथली टिकून राहिलेली पहिली जनगणना १८१० ची. ही पोकळी करयाद्या भरतात, आणि माझ्या मते त्या जनगणनेपेक्षा सरस आहेत, कारण त्या दहा वर्षांनी नव्हे तर बहुधा दरवर्षी होत. एखादा तरुण यादीत प्रथम स्वतःच्या नावाने आला की तो सज्ञान झाल्याचा अंदाज बांधता येतो, आणि नवऱ्याच्या जागी बायकोचे नाव आले की त्याच्या मृत्यूचे साल जवळपास कळते.

जमिनीच्या दप्तराला हात घालण्याआधी काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सीमांची कालरेषा बनवावी, कारण कागद त्या काळच्या काउंटीच्या कचेरीत राहतो, आजच्या नव्हे. ऑगस्टा काउंटी १७३८ मध्ये ऑरेंजमधून काढण्यात आली, पुढे ऑगस्टातून बोटेटॉर्ट, तिच्यातून १७७२ मध्ये फिनकॅसल निघाली आणि १७७६ च्या अखेरीस फिनकॅसलच मोडून केंटकी, वॉशिंग्टन व माँटगोमेरी अशा तीन काउंट्या झाल्या. केंटकी काउंटीचे १७८० मध्ये जेफरसन, फेयेट व लिंकन असे तुकडे झाले आणि १७९२ मध्ये तिथे वेगळे राज्य आले. घर न सोडता एकाच पिढीत तीन-चार काउंट्यांचा रहिवासी झालेला माणूस यामुळे सहज सापडतो. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने ऐतिहासिक काउंटी-सीमांचा नकाशासंग्रह तयार केला आहे. त्यावरून आपल्या ठिकाणापुरता तक्ता आधीच उतरवून घ्यावा.

आता जमीन. मूळच्या तेरा वसाहती आणि त्यांतून निघालेली केंटकी, टेनेसी यांसारखी राज्ये यांत जमीन आधी वसाहतीने किंवा राज्याने दिली. ओहायोपासून पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत ती संघराज्य सरकारने दिली. दोन्हींची दप्तरे आणि मोजणीही वेगळी, म्हणून पूर्वज कोणत्या बाजूला होता हे ठरवल्याशिवाय शोध सुरू करू नये. संघराज्याच्या जमिनीत १७८५ च्या कायद्यानुसार सहा मैल चौरसाची टाउनशिप आणि तिचे ६४० एकरांचे ३६ विभाग पाडलेले असतात. तिथली मूळ मालकीपत्रे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघराज्याच्या भूमी खात्याच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात.

व्हर्जिनिया-केंटकीत अशी चौकट नाही. तिथे जमिनीचे वर्णन आपल्या जुन्या खरेदीखतांतल्या चतुःसीमेसारखे असते: अमुक ओढ्याच्या मुखाशी असलेल्या पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पूर्व १२० पोल, तिथून अमक्याच्या हद्दीने पुढे, आणि फिरून पुन्हा त्याच ओकपाशी. पोल, पर्च आणि रॉड ही एकाच मापाची नावे असून ते माप साडेसोळा फुटांचे आहे. चार पोलांची एक साखळी, म्हणजे ६६ फूट. आपल्याकडच्या मोजणीतली साखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची होती, आणि गुंठा म्हणजे तिचाच चौरस. त्यामुळे एक गुंठा बरोबर चार चौरस पोलांचा भरतो. चाळीस गुंठ्यांचा एकर डोक्यात असलेल्या मराठी माणसाला हा हिशेब जड जाऊ नये. आलेखकागद, कोनमापक आणि पट्टी जवळ घेऊन प्रत्येक खताचा नकाशा स्वतः काढावा आणि शेजाऱ्यांचे तुकडे त्याला जोडून पाहावेत. एकाच नावाचे दोघे एकाच काउंटीत असले, तर त्यांना वेगळे करण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही, कारण नावे जुळली तरी शेजार जुळत नाही.

केंटकीत मालकीपत्र हा शेवटचा कागद. त्याआधी हक्कपत्र, जागेची नोंद आणि मोजणी अशा तीन पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर नाव बदललेले असू शकते, कारण हक्क विकले जात. तिथल्या राज्य सचिवांच्या भूमी कार्यालयाने हे कागद प्रतिमांसह खुले केले आहेत. चारही पायऱ्यांचे कागद मागवावेत. हक्कांच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या असल्याने खटले पुष्कळ झाले, आणि एखादे कुटुंब अचानक ओहायो नदीपलीकडे का गेले याचे उत्तर अनेकदा तिथेच मिळते. अब्राहम लिंकन यांचे वडील थॉमस १८१६ मध्ये इंडियानात गेले त्यामागे जमिनीच्या मालकीचे तंटे हे एक कारण होते. आजोबा १७८६ मध्ये मारले गेले तेव्हा ज्येष्ठ पुत्राच्या वारशाचा जुना नियम अजून लागू होता, म्हणून जमीन थोरल्याकडे गेली आणि थॉमसच्या वाट्याला काही आले नाही. या नियमाचे भान नसेल तर खताशिवाय हस्तांतरित झालेली जमीन गूढ वाटते.

खरेदीखतांच्या सूच्या विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने स्वतंत्र असतात. दोन्ही पाहाव्यात, आणि पूर्वजाच्या मृत्यूनंतरची वीस-तीस वर्षेही पाहावीत, कारण वारसांनी हिस्से विकताना विवाहित मुलींची व जावयांची नावे एकाच खतात येतात. पतीने जमीन विकली की पत्नीला वेगळे विचारून तिचा विधवाहक्क, म्हणजे पतीमागे त्या जमिनीत मिळणारा हिस्सा, सोडवून घेत. कित्येकदा तिचे नाव उभ्या आयुष्यात तेवढ्याच कागदावर आलेले असते.

याच खतांत आणि मृत्युपत्रांत गुलाम म्हणून विकली-वाटली गेलेली माणसेही नावानिशी येतात. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या स्वतंत्र याद्यांत सहसा फक्त मालकाचे नाव आणि वय-लिंगाचे आकडे आहेत, आणि दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावे जनगणनेत प्रथम १८७० ला येतात. म्हणून सापडलेले असे प्रत्येक नाव, आपल्या घराशी संबंध नसला तरी, खताच्या पानासह वेगळ्या वहीत उतरवून घ्यावे. त्यांच्या वंशजांना दुसरा धागा क्वचितच मिळतो.

वाचनाची तयारीही करावी. दुहेरी एसमधला पहिला एस लांब काढत असल्यामुळे रॉस (Ross) या आडनावातला तो एस एफसारखा दिसतो आणि आडनाव सूचीत भलतीकडे जाते. मोडी वाचणाऱ्यांना अशा फसगती नव्या नाहीत. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून फेब्रुवारी १७३१/३२ अशी जोड तारीख जशीच्या तशी उतरवावी. नावापुढचा ज्युनियर हा मुलगाच असेल असे नाही. तो त्याच गावातला वयाने लहान पुतण्या किंवा परकाही असू शकतो.

शेवटी नोंदवही. फॅमिलीसर्च या वंशावळी शोधण्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून शोधलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, पान, काउंटी आणि वर्षांचा पल्ला लिहावा, आणि काही सापडले नाही तर तेही तारखेसह लिहावे, म्हणजे वर्षभराने तोच ग्रंथ पुन्हा चाळावा लागणार नाही. काउंटीच्या कचेरीला पत्र लिहायचे झाल्यास एका वेळी एकाच दस्ताची प्रत मागावी, आणि ग्रंथ व पान यांचे क्रमांक पत्राच्या पहिल्या ओळीत द्यावेत.