आयत्या वेळी भेटून कोडिंग करताय? या चुका टाळा

पुण्यात बाणेर, कोथरूड, वाकड कुठंही राहत असाल तरी दोन-चार गल्ल्या सोडून कोणीतरी कोड लिहीत बसलेलं असतंच, आणि "आज संध्याकाळी बसूया का?" एवढा मेसेज टाकला की भेट ठरते. पण अशा बऱ्याच भेटी फुकट जातात, आणि कारणं जवळपास तीच तीच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काय करायचं ते न ठरवता भेटणं. लॅपटॉप उघडतात, चहा येतो, मग मॅनेजर, अप्रेझल, हिंजवडीचं ट्रॅफिक, आणि दोन तास गेले. भेट आयत्या वेळची असू दे, काम आधी ठरलेलं हवं. मेसेजमध्येच लिहा, "सीएसव्हीतली मराठी नावं वाचताना कोड फुटतोय, एन्कोडिंगचा घोळ वाटतोय, तासभर बसायचंय". काहीच सुचत नसेल तर कॉनवेचा गेम ऑफ लाइफ घ्या (चौकटींच्या जाळीतल्या पेशी साध्या नियमांनी जगतात-मरतात, तो), कोडरिट्रीटमध्ये, म्हणजे कोडिंगच्या दिवसभराच्या सराव शिबिरात, हाच घेतात, ४५ मिनिटं जोडीनं लिहायचं आणि मग कोड चक्क डिलीट करायचा! पूर्ण करायचं टेन्शनच नाही, त्यामुळे अनोळखी माणसाबरोबर पहिल्यांदा बसताना हे फार कामाला येतं.

दुसरं, कॅफेच्या वायफायवर भरवसा ठेवू नका. पॅकेजेस, डॉकर इमेज (ॲप चालवायला लागणाऱ्या मोठ्या फाइली) घरूनच डाउनलोड करून या, नाहीतर अर्धा वेळ प्रोग्रेस बार बघण्यात जातो. गुरुवारी पुण्यात बऱ्याच भागांत मेंटेनन्ससाठी लाइट जाते, तेव्हा बॅटरी फुल पाहिजे. आणि हमखास येणारा प्रॉब्लेम म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर चालणारं ॲप समोरच्याच्या लॅपटॉपवर उघडतच नाही. आधी बघा सर्व्हर १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त तुमच्याच मशीनपुरता, चालू आहे का, तसं असेल तर तो बाहेरच्या कोणालाच दिसणार नाही, ०.०.०.० वर, म्हणजे नेटवर्कवरच्या इतरांनाही दिसेल असा, चालू करा आणि समोरच्याला तुमचा लोकल आयपी (त्या वायफायवरचा तुमच्या मशीनचा पत्ता) द्या. तरी नाही उघडलं तर फायरवॉल बघा, आणि तिथंही सगळं ठीक असेल तर बहुतेक कॅफेच्या राउटरनं क्लायंट आयसोलेशन लावलंय, म्हणजे एकाच वायफायवरची दोन मशीन एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. मग डोकं खाजवत बसू नका, फोनचा हॉटस्पॉट लावा आणि दोघं त्यावर या.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते, ज्याला जास्त येतं तो कीबोर्ड स्वतःकडे ओढतो आणि नवीन मुलगा किंवा मुलगी नुसती बघत बसते. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं पुढचं सांगायचं, आणि १०-१५ मिनिटांनी अदलाबदल, टायमर लावूनच. समोरचा चुकत असेल तर चुकू द्या थोडा वेळ, टेस्ट फेल झाली की त्याचं त्यालाच कळतं आणि तेच लक्षात राहतं.

कंपनीचा कोड आणि कंपनीचा लॅपटॉप, दोन्ही नको. पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणीच ठेवा, लाइव्ह लोकेशन मोठ्या ग्रुपवर टाकू नका, फक्त येणाऱ्याला पाठवा, आणि घरी कोणाला तरी सांगून निघा.

उठायच्या आधी ब्रँच पुश करा, म्हणजे लिहिलेला कोड गिटहबवर चढवा. कमिट (कोडमधल्या बदलांची नोंद) ज्याच्या लॅपटॉपवरून जातो त्याच्याच नावावर पडतो, म्हणून कमिट मेसेजच्या शेवटी एक ओळ सोडून को-ऑथर्ड-बायची (Co-authored-by:) ओळ टाका, त्यात दुसऱ्याचं नाव आणि त्याच्या गिटहब अकाउंटला जोडलेला ईमेल, ईमेल वेगळा असेल तर त्याच्या प्रोफाइलवर ते कॉन्ट्रिब्युशन दिसणार नाही.