कोणता शाहू? भाषण लिहिण्याआधी एवढं बघा

२६ जून, राजर्षी शाहूंची जयंती, जवळ आली की आमच्या गल्लीतली पोरं भाषणाचा कागद घेऊन माझ्या दारात. गेल्या वर्षी एकाने लिहिलं होतं, 'शाहू महाराजांनी बाजीरावाला पेशवाई दिली आणि ५० टक्के आरक्षण दिलं.' एकशे ब्याऐंशी वर्षं नि दोन वेगळे शाहू एका वाक्यात गिळले पठ्ठ्याने!

आधी साल शोधा. १७०० ते १७४९ मधलं असेल तर आपले साताऱ्याचे थोरले शाहू, संभाजीराजांचे पुत्र. १७०७ ला मोगलांच्या कैदेतून सुटले, १७२० ला बाजीरावाला पेशवा केलं, १७४९ ला गेले. समाधी संगम माहुलीला; सायकल काढा, बघून या. १९०२ चा आरक्षणाचा हुकूम दिसला की ते कोल्हापूरचे राजर्षी, जन्म १८७४.

साल नसेल तर सोबतची माणसं बघा. पण तिथंही जपून, कारण बाजीरावही दोन. १८१८ ला राज्य गेलं तो दुसरा, आणि भाऊ चिमाजी अप्पा दोघांनाही!

गावावर मात्र विसंबू नका. शाहूपुरी साताऱ्यातही आहे नि कोल्हापुरातही. फोटो असेल तर राजर्षींचाच. थोरल्यांच्या काळात कॅमेरा कुठला? मीच एकदा फळ्यावर थोरल्यांच्या नावाखाली राजर्षींचा फोटो डकवला होता. चौथीतल्या पोरीने सगळ्यांदेखत सांगितलं.